नैवेद्याआधीचा घोट

माझ्या दुखण्याला जखम नसते. सूज क्वचित येते, ताप असला तर असतो. हाडाच्या आत कुणी सांडशी धरून पिळतंय असं होतं आणि बाहेरून मी धडधाकट दिसते. लहानपणापासून ज्यांनी मला कण्हताना पाहिलं, त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पायाकडे, मग एकमेकांकडे.

माहेरी, पुसदकडे, याला वात म्हणत. हिवाळ्यात शाळेच्या फरशीवर बसून पाय धरले की मला उठता येत नसे. चौथीत असताना गुरुजींनी, पाय मोकळे होतील म्हणून, मला वर्गापुढे उभं करून ठेवलं. मी उभी राहिले. उभ्या उभ्या लघवी झाली आणि वर्ग हसला. घरी गेल्यावर बाबांना सांगितलं, तर ते म्हणाले, मग नको जाऊ, शेळ्या आहेतच. शाळा तिथे संपली. लोक मला लाजाळू म्हणतात. मी लाजाळू नव्हते, त्या दिवशी झाले.

लग्न दारव्ह्याच्या पलीकडच्या एका गावात झालं. घरात सासू, नवरा आणि मी. सासरे आधीच गेलेले. पहिल्याच वर्षी कापूस वेचायला गेले. आमच्याकडे वेचणाऱ्या बाया शेतात पाणी पीत नाहीत. वावर उघडं, आडोसा नाही, बांधावर माणसं बसलेली. पाणी प्यायलं तर मग जायचं कुठे? सकाळी निघताना पितात, मग घरी आल्यावर. मीही तसंच केलं. संध्याकाळी बांधावर पडले ती उठलेच नाही. सासूनं बायांना सांगितलं, नवी नवरी आहे, कामाची सवय नाही, आठ दिवसांत सरळ होईल.

झाले नाही. नवऱ्यानं तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, रक्त काढलं आणि दुखण्याला नाव मिळालं, सिकलसेल. सासू त्या दिवशी ओसरीवर तूर पाखडत होती. ऐकून घेतलं आणि सूप न थांबवता म्हणाली, "बैल घेतला त मानूस दात पाहून घेते. सुनेचं रगत कोन पाहते, बापा?" शेजारीण हसली. वाक्य खरंच चांगलं होतं. पुढं ते गावात माझ्यापेक्षा जास्त फिरलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या आणि नेहमी घाईत असत. त्या दिवशी बाहेरची गर्दी ओसरली होती म्हणून त्यांनी मला बसवून सांगितलं. रक्तातल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं. ते छातीत प्राणवायू धरतं, अंगभर फिरून गरज असेल तिथे सोडतं. माझंही तेच करतं. फरक एवढाच, की माझ्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक कणाला एक चिकट खोच आहे. कणावर प्राणवायू बसलेला असेपर्यंत त्याचा आकार असा राहतो की ती खोच कुठे बसत नाही, आणि सगळे कण पाण्यात सुटे राहतात. प्राणवायू उतरला की कण जरा वळतो. खोच दुसऱ्या कणात अडकते, दुसऱ्याची तिसऱ्यात. जे विरघळलेलं होतं त्याच्या काड्या होतात. आतून काड्या भरलेली पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक नळीत अडकून बसते. तिच्या मागे रक्त थांबतं, आणि तेच दुखतं. काड्या धरायच्या आत ती छातीपर्यंत परत पोचली तर प्राणवायू पुन्हा बसतो आणि सगळं सुटं होतं. पोचली तर.

त्या म्हणाल्या, पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नाही. चांगल्या पेशीतही ताकातून लोणी निघावं तसं काहीबाही वेगळं होतं, गोळा होतं, काम झालं की परत मिसळतं. कधी वेगळं व्हायचं आणि कधी मिसळायचं, हे पुष्कळदा त्याला येऊन चिकटणारं काहीतरी बारीकसं ठरवतं. तुमच्यात ते प्राणवायूवर आहे, आणि तो काही बसून राहत नाही. उतरणं हेच त्याचं काम.

मी मान हलवली. मला सगळं कळलं असं नाही, पण डोळ्यासमोर पाक आला. पाकातल्या पुऱ्यांचा पाक मी माहेरी करत असे. त्यात लिंबाचे दोन थेंब पडले नाहीत तर तो साखरतो. पाणी कमी झालं की लवकर साखरतो, गार झालं की लवकर साखरतो, आणि एकदा काठावर एक दाणा धरला की बघता बघता सगळं पातेलं. लिंबू असेपर्यंत ते साखरेच्या मधे राहतं, साखरेला साखर भेटू देत नाही. फरक एवढाच, की लिंबू पाकात टिकतं. माझ्यातला प्राणवायू दर फेरीला उतरून जातो.

मी विचारलं, पाणी जास्त प्यायलं तर? डॉक्टरबाई म्हणाल्या, हो, पाणीच. पाणी, ऊब आणि दमायचं नाही. शिवाय रोजची एक कॅप्सूल दिली. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याला ती खोच बसत नाही, ते मधे आलं की काडी लांबत नाही. जन्मानंतर काही महिन्यांत ते संपतं. ही कॅप्सूल मोठ्या माणसाच्या अंगात ते थोडं परत आणते. त्या कॅप्सुलीवर मी दोन हिवाळे बऱ्यापैकी काढले.

मग मला दिवस गेले आणि कॅप्सूल बंद झाली. पोटातल्या जिवाला ती चालत नाही. डॉक्टरबाईंनी नवऱ्याचंही रक्त तपासायला सांगितलं. त्याच्यात अर्धा दोष, म्हणजे रक्तात असूनही न दुखणारा, असेल तर मूल एक तर अर्ध्याचं होईल, नाही तर माझ्यासारखं पूर्ण. तो म्हणाला, मी काय बिमार आहे का, आणि सोयाबीनच्या फवारणीला निघून गेला. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हाही फवारणीच होती.

आता माझ्याजवळ पाणी तेवढं राहिलं होतं. मी जिथे बसेन तिथे तांब्या ठेवायची. सासूला त्या तांब्याचा राग होता. बाया जमल्या की म्हणायची, "पाहा वं, पोटात लेकरू हाय का मासोयी?" मीही एकदा हसले. हसले म्हणून तिला आणखी राग आला.

पोटातल्या बाळाचं मला नवल वाटे. माझ्यात जे नाही ते त्याच्याकडे भरपूर होतं. माझ्याच रक्तावर वाढत होतं आणि माझं दुखणं त्याला शिवत नव्हतं. पण ते माझ्या रक्तावर होतं. माझ्या नळ्या अडकल्या की त्याच्याकडे रक्त पोचणंही अडकणार, हे डॉक्टरबाईंनी साध्या शब्दांत सांगितलं होतं. मोठा झटका आला तर बाळ हाती लागेलच असं नाही.

भादव्यात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. जेवायच्या दिवशीचा नैवेद्य आमच्या घरी सुनेनं ओलेत्यानं करायचा असतो. विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं, तेच लुगडं अंगावर वाळवत चुलीपुढे बसायचं, पुरण, आंबील, कढी, भाज्या, सगळं आपल्या हातानं, आणि नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब नाही. आधीच्या वर्षांत सासूनं ते स्वतः केलं, कारण माझं रक्त आजारी होतं. या वर्षी पोटात मूल होतं, म्हणून ते मीच करायचं ठरलं.

मी नवऱ्याला बोलायला लावलं. गव्हाणीशी उभा राहून तो आईला म्हणाला, तिला पाणी तरी पिऊ दे. ती म्हणाली, मग तूच ये ओलेत्यानं पुरण वाटायला. तो वावरात गेला.

आदल्या दिवशी मुखवटे पुसताना सासूनं मला कारण सांगितलं. आवाज न चढवता, पितळेवर चिंच घासत. नवऱ्याच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तो अंगावर पीत होता, तेव्हाच्या महालक्ष्म्यांना ती नैवेद्याआधी पाणी प्यायली. घशाला कोरड पडली होती, कुणी पाहत नव्हतं, एकच घोट घेतला. दिवाळीच्या आत मुलगा गेला. "देवीनं घोट मोजला माह्या," ती म्हणाली. "तुह्या तांब्यानं ह्या लेकराले नको नेऊस."

मला तिचा राग यायला हवा होता. पण मी घाबरले. डॉक्टरबाईंचं खरं होतं हे मला कळत होतं, आणि तरी वाटलं, काय सांगावं. माणूस आपल्या लेकरावर पैज लावत नाही. एका दिवसाचा प्रश्न आहे, दुपारपर्यंत होईल, असं मी मनाशी ठरवलं.

त्या दिवशी झड लागली होती. विहिरीवर सासूनं स्वतः माझ्या डोक्यावर बादल्या ओतल्या, हात हलका ठेवून, मंत्र म्हणावा तसं काही पुटपुटत. मी चुलीपुढे बसले. पुढून जाळ, पाठीवर ओलं लुगडं. पुरण शिजेपर्यंत घसा कोरडा झाला, पोळ्यांपर्यंत जीभ टाळूला चिकटली. सासू माठाशेजारी फुलपात्रं पुसत बसली होती. जेवायला सांगितलेली सवाष्ण पलीकडच्या गावाहून यायची होती आणि नाल्याला पूर होता. तिच्याशिवाय नैवेद्य दाखवायचा नाही. दुपार कलली.

आधी नडग्यांत सुरू झालं, मग कमरेत. मी ओळखलं. म्हटलं, "आई, घोटभर." ती म्हणाली, "आरती होऊ दे. आता काय रायलं?"

सवाष्ण आली तेव्हा मी भिंतीला धरून उभी होते. फुलोरा वर बांधलेला होता, करंज्या आणि पापड्या दोरीवर हलत होत्या, आणि मला त्या एका जागी दिसेनात. आरती सुरू झाली. टाळ्यांच्या तालात माझं अंग थरथरायला लागलं. दात वाजत होते. मी किंचाळले. आयुष्यात पहिल्यांदा माणसांसमोर किंचाळले.

आरती थांबली नाही, उलट वाढली. कुणीतरी म्हणालं, आली. बायांना वाटलं माझ्या अंगात देवी आली. पोटुशी बाई, ओलं लुगडं, मोकळे केस, महालक्ष्मीचा दिवस. त्यांना दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं. एकीनं माझ्या कपाळाला मूठभर कुंकू फासलं. एक पाया पडली आणि मुलाच्या नोकरीचं विचारू लागली. दुसरीनं तिला बाजूला सारलं, सुनेला मुलगा होईल का ते तिला आधी हवं होतं. लग्न झाल्यापासून मी कण्हले तेव्हा जे लोक हसले, ते त्या दिवशी हात जोडून माझं कण्हणं ऐकत होते. त्यांना त्यात उत्तरं ऐकू येत होती.

मी म्हणाले, "पाणी."

"देवीनं पाणी मांगलं," सवाष्ण म्हणाली. बाया माठाकडे धावल्या. त्यांनी घागर आणली आणि माझ्या पायांवर ओतली. मग दुसरी आणली आणि डोक्यावर ओतली. गार पाणी तोंडावरून आलं तेव्हा मी जीभ बाहेर काढून जमेल तेवढं चाटलं. त्यात कुंकू होतं. ते पाहून त्या आणखी जोरात टाळ्या वाजवायला लागल्या.

सासू पुढं आली. माझे दोन्ही हात धरले आणि माझ्या तोंडाजवळ तोंड आणून विचारलं, "माह्या पोराले काहून नेलं, माय?" इतक्या बायांत तीच एकटी रडत होती. मी तिच्या अंगावर ओकले आणि खाली पडले.

नवऱ्यानं उचललं. जीप मिळेपर्यंत आणि यवतमाळ येईपर्यंतचं मला नीट आठवत नाही. मोठ्या दवाखान्यात शिरेत पाणी लावलं, अंगावर घोंगडी टाकली, तोंडावर प्राणवायूचा मुखवटा बसवला, रक्त चढवलं. बाळाचे ठोके मंद झाले होते. रात्रभर ते कधी लागत, कधी लागत नसत. सकाळी सिस्टर म्हणाली, आहेत.

नवऱ्याचं रक्त तिथेच, त्याला न विचारता काढलं गेलं. तो अर्धा निघाला. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सासूला विचारलं, घरात आधी कुणी लहान मूल गेलं का. तिनं सांगितलं. मी मुखवट्याआडून ऐकत होते. वर्षाच्या आतबाहेरचा होता. आधी हाताची बोटं फुगली, पावलं फुगली, पुरीसारखी. हात लावू देत नसे. मग ते उतरलं. पुढं एका दिवसात पोट डावीकडून वर आलं, पांढरा पडला, आणि संपला. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. तिला काही सांगितलं नाही. त्यांना तेवढा वेळ नव्हता. मला मात्र कळलं, कारण लहान मुलांत हे दुखणं बोटं फुगण्यापासून सुरू होतं, असं डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं.

ती खाटेशेजारी बसून राहिली. हातात महालक्ष्मीचा अंगारा होता, तो माझ्या उशाखाली ठेवू का म्हणाली. देवी तुझ्या अंगात आली होती, आता बाळाला काही होत नाही, म्हणाली. तू पाणी प्यायली नाहीस म्हणून ते वाचलं, असंही म्हणाली.

मी मुखवटा बाजूला केला. श्वास पुरत नव्हता, म्हणून हळू बोलले, पण एकही शब्द गिळला नाही. "आई, तो घोटानं नाई गेला. हेच दुखनं होतं त्याले. तुमच्या रगतातून गेलं होतं. पाणी पाजत राह्यल्या असत्या त जगला असता."

पहिली तीन वाक्यं खरी होती. शेवटचं मला डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं, ते मी माझ्याकडून घातलं. तिचा चेहरा बदलला नाही. अंगाऱ्याची पुडी तिनं उघडली, पुन्हा बांधली, पुन्हा उघडली. मग उठून व्हरांड्यात गेली. मी मुखवटा परत लावला आणि मला झोप लागली, फार चांगली झोप.

आठव्या महिन्यात मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी होती, पण रडली. तिचं रक्त तेव्हा तपासलं आणि सहा महिने झाल्यावर पुन्हा तपासायला सांगितलं, कारण सुरुवातीला पोटातलंच हिमोग्लोबिन असतं. मूल पूर्ण दोषाचं असलं तरी तेवढे महिने त्याला काही होत नाही. ते संपायला लागलं की मग कळतं. बहुधा हाताच्या बोटांवरून.

हे सासूला कुणीतरी सांगितलं असावं, किंवा तिला स्वतःच्या आठवणीवरून कळलं असेल. मुलगी सहा महिन्यांची झाल्यापासून ती रोज सकाळी देवाच्या आधी मुलीकडे येते. बोटं एकेक करून धरते आणि दाबते. आधी हाताची, मग पायाची. दाबताना मुलीच्या तोंडाकडे बघत राहते, रडते का म्हणून. मुलीला तो खेळ वाटतो, ती हसते. सासू हसत नाही. एखाद्या सकाळी थंडीनं किंवा भुकेनं मुलगी रडली, तर सासूचा हात तिथेच थांबतो, रंग जातो, आणि त्या दिवशी ती जेवत नाही. पाणी मात्र पाजते. चमच्यानं, दिवसभर, मुलगी तोंड फिरवेपर्यंत. माझ्या तांब्यावर हसणारी तीच बाई.

दुसरी तपासणी झाली. मुलगी अर्धी आहे, बापासारखी. तिला दुखणार नाही. लग्न करताना पुढच्याचं रक्त पाहावं लागेल, एवढंच. नवरा ऐकून ओसरीवर बसून रडला आणि मला म्हणाला, आईला तू सांग. त्यानं आयुष्यात आईला कुठलीच गोष्ट स्वतःहून सांगितलेली नाही.

सासू विचारत नाही. तपासणीच्या दिवशी आम्ही घरी आलो तेव्हा ती दारात उभी होती. मुलीला घेतलं, टोपरं काढलं, पाठ फिरवली. तिला वाटतं विचारलं तर उत्तर येईल. मलाही तिनं विचारावं असं वाटतं. तिनं तोंड उघडून, सुनेसमोर, एकदा विचारावं. विचारलं तर मी त्याच क्षणी सांगेन, एक शब्दही आत ठेवणार नाही.

आज सकाळीही ती आली. मी चुलीशी होते, मुलगी पाळण्यात. सासूनं डावा हात घेतला, करंगळीपासून सुरू केलं. दाबलं, थांबली, पाहिलं. पुढचं बोट. मी भाकरी थापत राहिले.